जीव वाचला, उभे कोणी करायचे?

पक्षाघाताने एक अंग लुळे पडलेला शेतमजूर जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्णालयात दाखल होतो. शासकीय विमा योजनेच्या कार्डावर उपचार होतात, जीव वाचतो आणि थोड्याच दिवसांत त्याला घरी सोडण्यात येते. हाती दिलेल्या कागदावरची शेवटची ओळ असते : ‘रोज फिजिओथेरपी करावी.’ कोठे करावी आणि तिचे पैसे कोणी द्यावेत, याविषयी तो कागद मुका असतो. तालुक्याच्या गावी भौतिकोपचारतज्ज्ञ असलाच तर तो बहुधा खाजगी व्यावसायिक असतो, आणि तेथे हे कार्ड चालत नाही.

यात त्या तज्ज्ञाचा दोष नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण देते. परंतु ते रुग्णालयात दाखल होण्यापुरते. घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस तिने जमेस धरले आहेत. त्यापुढचे बाह्यरुग्ण उपचार तिच्या कक्षेबाहेर आहेत. पक्षाघातानंतर सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. म्हणजे ज्या काळात उपचाराचे चीज व्हायचे, नेमक्या त्याच काळात योजना हात आखडता घेते.

येथे विम्याच्या अर्थशास्त्राची मर्यादा उघड होते. विमा मोठ्या व क्वचित येणाऱ्या खर्चासाठी आखलेला असतो. भौतिकोपचाराचा खर्च लहान, पण रोजचा. त्याला महागडे यंत्र लागत नाही. लागतो तो कुशल माणसाचा वेळ. अशा खर्चाची शेकडो लहान बिले तपासणे विमा यंत्रणेला परवडत नाही. मात्र रोजंदारीवर जगणाऱ्या घराला बुडवतो तो हाच ठिबकणारा खर्च.

याहून वेगळा विचार या देशात पूर्वीच झाला आहे. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने बाह्यरुग्ण उपचार तर दिलेच, शिवाय आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ताही दिला. बरे होण्यास वेळ लागतो आणि त्या वेळात चूल पेटावी लागते, हे त्या कायद्याला उमगले होते. पण तो संघटित आस्थापनांतील ठरावीक वेतनमर्यादेच्या आतील कामगारांपुरता राहिला. शेतमजूर आणि घरकामगार स्त्री त्याच्या दाराबाहेरच आहेत.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले, हे खरे. परंतु भौतिकोपचाराची सोय जिल्हा रुग्णालयात असेल, तर साठ किलोमीटरवरच्या रुग्णाला तिचा उपयोग किती? त्याला रोज एस. टी. ने नेणे-आणणे म्हणजे सोबतच्या माणसाचीही मजुरी बुडणे. चार-आठ दिवसांत फेऱ्या थांबतात, सांधे आखडतात आणि कमावता माणूस कायमचा खाटेला खिळतो. त्याची शुश्रूषा घरातील स्त्रीच्या वाट्याला येते आणि तिचीही मजुरी जाते. वाचवलेल्या पैशांची ही किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

म्हणून केवळ ‘कार्ड घेणारा तज्ज्ञ’ शोधून हा प्रश्न सुटणार नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात पगारी भौतिकोपचारतज्ज्ञ हवा आणि चालू न शकणाऱ्यांसाठी त्याने ठरलेल्या वारी गावोगाव जावे. ते होईपर्यंत विमा योजनेने किमान तीन महिन्यांचे बाह्यरुग्ण भौतिकोपचार मान्य करावेत आणि ते देणाऱ्यांची तालुकावार यादी रुग्णालयातून बाहेर पडतानाच रुग्णाच्या हाती द्यावी. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच सुरू झाले. सत्तर वर्षांनंतरही हे ज्ञान तालुक्याच्या रुग्णालयात सहज मिळू नये, याला साधनांची टंचाई हे कारण पुरत नाही.

कार्यकर्त्यांसाठी काम सरळ आहे. आपल्या ग्रामीण रुग्णालयात हे पद मंजूर आहे काय, मंजूर असल्यास भरलेले आहे काय, याची लेखी विचारणा करावी आणि उत्तर रुग्ण कल्याण समितीपुढे मांडावे. खाटेवर पडून असलेला माणूस मोर्चात येऊ शकत नाही. त्याचा प्रश्न चालत्या माणसांनीच उचलला पाहिजे.