विद्यालयाचे कुंपण ओलांडावे लागेल

मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेतील एका शिक्षकाची हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियनाला देण्यात आली, तेव्हा त्या शिक्षकाने नोकरीवर पाणी सोडले. त्याचे नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर. बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर घडविला. पण तेथील जागाही सोडण्याची वेळ आली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलचा ओसाड माळ देऊ केला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. पुढे कराडजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना निघाला. ओगले आणि किर्लोस्कर यांच्या मालाची विक्री करीत गावोगाव फिरलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली. या मातीत उद्योग आणि विद्या एकाच घरात नांदत होत्या, हा इतिहास आहे.

त्यानंतर विद्येची मंदिरे वाढली. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ चे, कराडचे शासकीय महाविद्यालय १९६० चे, राजारामनगरचे १९८३ चे. कोल्हापुरात १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ आले, तर साताऱ्यात २०२१ मध्ये कर्मवीरांच्याच नावाने समूह विद्यापीठ स्थापन झाले. तरीही पदवी हाती पडताच बुद्धिमान तरुण पुण्याची वा बंगळुरूची वाट धरतो. त्याला दोष देणे सोपे आहे. पण त्याने येथे राहावे, असे काम आपण त्याच्यापुढे ठेवले आहे काय?

उत्तर म्हणून विज्ञान उद्यानांची मागणी होते. ती योग्यच आहे. मात्र उद्यान म्हणजे भूखंड, इमारत आणि अनुदान, अशी समजूत असेल तर तेथे काही वर्षांत कुलपेच दिसतील. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९५१ मध्ये आपल्या जमिनीवर औद्योगिक उद्यान वसविले. पण त्याच्या कितीतरी आधी, १९३९ मध्ये, फ्रेडरिक टर्मन या प्राध्यापकाने ह्यूलेट आणि पॅकार्ड या आपल्या विद्यार्थ्यांना स्वतःचा उद्योग काढण्यास प्रवृत्त केले होते. तैवानने १९८० मध्ये सिंचूचे उद्यान उभारले, तेही दोन नामवंत विद्यापीठांच्या शेजारी. आधी माणसांचे नाते जुळते, भिंती नंतर उभ्या राहतात.

येथे त्या नात्यासाठी विषयांचा तुटवडा नाही. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू योजनांचे पाणी पंपांनी उचलावे लागते आणि त्यांच्या वीजबिलाचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजतो. पंप बनविणारी किर्लोस्करवाडी याच परिसरात, अभियंते घडविणारी महाविद्यालयेही येथलीच. मग कमी विजेत अधिक पाणी उचलण्याचे संशोधन येथे नाही तर कोठे व्हावे? तासगावच्या बेदाण्याची वाळवणी अवकाळी पावसाने बिघडते. हळद शिजविण्यात आणि वाळविण्यात इंधन व श्रम खर्ची पडतात. कसबे डिग्रजच्या केंद्राने हळदीच्या वाणांवर काम केले. त्या वाणाला साजेसे यंत्र घडविणारा अभियंता त्याच्या शेजारी बसला पाहिजे.

यासाठी काही गोष्टी कराव्या लागतील. प्राध्यापकाची बढती केवळ शोधनिबंधांच्या संख्येवर न ठरता त्याने सोडविलेल्या स्थानिक प्रश्नावरही ठरावी. अंतिम वर्षाचा प्रकल्प औद्योगिक वसाहतीतून किंवा शेताच्या बांधावरून यावा. महाविद्यालयाची चाचणी यंत्रे लहान कारखानदारास माफक शुल्कात वापरता यावीत. आणि सहकारी साखर कारखान्यांनी नव्या उद्योजकाचे पहिले गिऱ्हाईक होण्याचे धाडस दाखवावे. पहिली मागणी मिळाल्याखेरीज कोणतेही यंत्र सुधारत नाही.

लोखंडाने जमीन नासते, या समजुतीपोटी किर्लोस्करांचे नांगर आरंभी विकले जात नव्हते. तो काळ धीराने काढला म्हणून माळावर गाव वसले. त्या वेळी एका संस्थानिकाने शिक्षकावर विश्वास टाकला. आज तो विश्वास संस्थाचालक, कारखानदार आणि पालक यांनी टाकायचा आहे. माळ अजून आहेत, शिक्षकही आहेत. कुंपण तेवढे ओलांडायचे आहे.