ओढणी कुणी हलवायची?

दोन महिन्यांपूर्वी बहिणीचा फोन आला. "भाईजान, जरा येऊन जा. पोरगी चार दिवस धड जेवत नाही, बोलत नाही. विचारलं तर प्रोजेक्ट म्हणते."

आमची भाची अ‍ॅनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. तीन मिनिटांची फिल्म करायची होती. गटात चौघे होते आणि शाखा चार. ही चित्रे काढणारी, एक मुलगा कॉम्प्युटर इंजिनीअरिंगचा, गोष्ट लिहिणारी मुलगी मराठी साहित्याची आणि आवाजाचे काम पाहणारा संगीताचा. गोष्ट होती एका दादीच्या शिलाई मशीनची. भाचीने दादीला लांब ओढणी दिली आणि ती फिल्मभर वाऱ्यावर हलत ठेवली. इंजिनीअरिंगवाला म्हणाला, "ओढणी काढून टाक." हिला वाटले, याला चित्रातले काय कळते? त्याला वाटले, हिला मशीनमधले काय कळते? बोलणे बंद!

बहिणीने चौघांनाही घरी चहाला बोलावले. आम्ही एवढेच म्हटले, "भांडण नंतर करा, आधी हिशेब मांडा."

सेकंदाला 24 चित्रे, म्हणजे तीन मिनिटांची 4320. रंग, उजेड, सावल्या यांसह एक चित्र पक्के करायला, म्हणजे रेंडर करायला, कॉम्प्युटरला 10 मिनिटे लागत होती. एकूण 720 तास. त्यांना चार कॉम्प्युटर मिळायचे, तेही रात्रीचे दहा तास. म्हणजे 18 रात्री. हलत्या ओढणीची प्रत्येक चुणी कॉम्प्युटरला मोजावी लागते, म्हणून तसे चित्र 15 मिनिटे घेई. मग 27 रात्री. हाती होत्या 21.

भाची गप्प झाली. "हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठं?" तो म्हणाला.

वाट काढली ती साहित्याच्या मुलीने. ती म्हणाली, "माझी आजी मशीनवर बसताना पदर खोचायची. दादीही ओढणी कमरेला खोचेल. शेवटी काम संपवून उठते, तेव्हाच सोडेल." शेवटची 40 सेकंदे ओढणी मोकळी, बाकी वेळ बांधलेली. नवा हिशेब आला 800 तास, म्हणजे 20 रात्री. फिल्मही सुधारली, कारण आता ओढणी सुटण्याला अर्थ आला. संगीताचा मुलगा म्हणाला, "मशीनचा आवाज मी आधी रेकॉर्ड करून देतो. त्या ठेक्यावर दादीचा पाय हलू दे." नाहीतर त्याला सगळ्यात शेवटी बोलावणार होते.

एका रात्री कॉलेजची वीज गेली. राखून ठेवलेली एक रात्र तिथे कामी आली. फिल्म वेळेत पोहोचली.

या निमित्ताने एक नाव आठवले. अमेरिकेतील एड कॅटमल यांना लहानपणी अ‍ॅनिमेटर व्हायचे होते. आपली चित्रकला तेवढी चांगली नाही असे वाटून ते भौतिकशास्त्र आणि कॉम्प्युटरकडे वळले. 1972 मध्ये युटा विद्यापीठात विद्यार्थी असताना त्यांनी फ्रेड पार्क या सहकाऱ्याबरोबर कॉम्प्युटरवर एक छोटी फिल्म केली. त्यासाठी स्वतःच्या डाव्या हाताचा साचा घेऊन त्यावर शाईने सुमारे 350 त्रिकोण आणि बहुकोन आखले. पुढे ते ज्या पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक झाले, तिने 1995 मध्ये 'टॉय स्टोरी' आणला. संपूर्ण कॉम्प्युटरवर तयार झालेला तो पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. तो एकट्या कॉम्प्युटरवाल्यांनी केला नाही आणि एकट्या चित्रकारांनीही नाही.

आपल्या घरांत मात्र अजून वाटणी चालते. इंजिनीअरिंगचा मुलगा हुशार, चित्रे काढणारी मुलगी वेळ घालवते, साहित्य घेणाऱ्याला दुसरे काही मिळाले नसेल! मुले हे ऐकतच मोठी होतात आणि कॉलेजात एका टेबलाशी बसली की तीच वाटणी बाहेर येते.

तेव्हा मूल प्रोजेक्टवरून चिडून घरी आले, तर कोण बरोबर हे विचारू नका. "तुझ्या एका मागणीपायी समोरच्याचे किती तास जातात?" एवढे विचारा. जमल्यास चौघांना चहाला बोलवा. बहिणीच्या घरी त्या दिवशी चहा तीनदा झाला.