उलटे चित्र, सुलटे दर्शन

पडद्यावर स्थिर चित्रे दाखविणाऱ्या दिव्याचा जनक म्हणून येशूसंघीय पंडित फादर अथानासिउस किर्चर यांचे नाव पुष्कळदा घेतले जाते. नाव थोर खरे; परंतु हा मान हॉलंडच्या क्रिस्तियान हायगेन्सकडे जातो. त्याने १६५९ सालीच अशा दिव्यासाठी हलत्या सांगाड्याची चित्रे रेखाटली होती. किर्चर यांच्या ग्रंथाच्या १६७१ च्या आवृत्तीत ज्वाळांनी वेढलेला आत्मा भिंतीवर उमटलेला दिसतो. मात्र आकृतीत चित्राची काच भिंगाच्या पुढे आणि सरळ लावलेली आहे. तशी लावल्यास भिंतीवर काहीच स्पष्ट उमटणार नाही!

खरी रचना अशी: दिवा, प्रकाश एकवटणारी जाड भिंगे, मग चित्र आणि सर्वांत पुढे मागेपुढे सरकणारे भिंग. या शेवटच्या भिंगातून किरण एकमेकांस छेदून जातात. म्हणून चित्र डोके खाली करून घालावे लागते. हा क्रम आजतागायत टिकला. बदलला तो दिवा. प्रथम तेलाची वात, नंतर ज्योतीत तापविलेला चुन्याचा खडा, पुढे वीज. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रंगविलेल्या काचांचे जे खेळ केले, त्या ‘शांबरिक खरोलिके’ची जातकुळी हीच.

१९३६ साली ३५ मिलिमीटरची कोडाक्रोम रंगीत फिल्म आली आणि चित्र २४ × ३६ मिलिमीटर एवढेसे झाले. इवल्या चित्रास प्रखर दिवा हवा, आणि प्रखर दिवा म्हणजे उष्णता. त्यासाठी पंखा व उष्णता शोषणारी काच आली; तरीही तापलेली फिल्म फुगते आणि चित्र अंधुक होते. १९६१ च्या कोडॅक कॅरूसेलमध्ये ८० चित्रांचे चक्र यंत्राच्या डोक्यावर बसविले. चित्र स्वतःच्या भारानेच खाली उतरे व तरफ त्यास परत उचली. युक्ती साधी, म्हणूनच मला ती फार आवडते. ही यंत्रे २००४ साली बंद झाली.

पेटीत लग्नाच्या, प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या स्लाइड असतील, तर त्या पावसाळी ओलीपासून जपाव्यात. बुरशी फिल्मवरील सरस खाते. कोडाक्रोमचे रंग अंधारात दीर्घकाळ टिकतात, परंतु दिव्यापुढे लवकर विटतात. एक चित्र मिनिटभराहून अधिक ठेवू नये. खेळ संपल्यावर दिवा मालवून पंखा चालू ठेवावा व यंत्र निवेपर्यंत हलवू नये. तापलेली तार धक्क्याने तुटते.