महिरप, घुमट आणि सारासेन

नववीच्या गणितात संच शिकवताना 'घटक महिरपी कंसात लिहा' असं आम्ही सांगतो आणि पुढं जातो. मुलं तो वळणदार कंस गिरवत बसतात. पण महिरप म्हणजे मेहराब, मस्जिदीत किब्ल्याच्या भिंतीतला तो कमानदार कोनाडा, हे सांगितलं की मागच्या बाकावरच्या माना वर होतात. अरबीतला हा शब्द फारसी-उर्दूच्या वाटेनं दख्खनमध्ये आला, मराठीत रुळला, वाड्याच्या दारावर चढला, मखरावर आणि लग्नाच्या मांडवावर गेला आणि शेवटी गणिताच्या वहीत येऊन बसला. कमान हा शब्द फारसी, मूळ अर्थ धनुष्य. घुमट म्हणजे गुंबद. आमच्या अणदूरचा गवंडी हे शब्द दिवसभर वापरतो आणि त्याला ते कुठून आले हे विचारायची गरज पडत नाही.

हे आठवण्याचं कारण माझी एक जुनी विद्यार्थिनी. तिला आर्किटेक्चरला जायचं आहे, प्रवेश परीक्षेची तयारी चालू आहे. घरात अजून पूर्ण होकार नाही. 'मुलीनं बांधकामावर उभं राहायचं का' हा वाद चालू आहे, तो तिचे अब्बू आणि मामू यांच्यात मिटेल. तिनं मला तिच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला. त्यावर युरोपच्या वास्तुकलेतल्या संज्ञांची यादी होती: रोमनेस्क, गॉथिक, रेनेसान्स, बरोक, पेंडेंटिव्ह, अरबेस्क आणि सगळ्यात शेवटी इंडो-सारासेनिक. खाली लिहिलं होतं, "मॅडम, बाकीचं पाठ होतंय. पण हे सारासेन कोण?"

तिला फोनवर दोन वाक्यांत उत्तर दिलं. इथं जरा सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न परीक्षेपुरता नाही.

आधी गॉथिक घेऊ. टोकदार कमानी, उंच खिडक्या, रंगीत काचा, दगडी फासळ्यांवर पेललेलं छत, भिंतीला बाहेरून दिलेले तिरपे टेकू. ही शैली साधारण ११४० च्या सुमारास पॅरिसजवळच्या सेंट डेनिसच्या चर्चमध्ये आकाराला आली. गॉथ नावाच्या टोळ्यांशी तिचा काडीचाही संबंध नाही. त्यांनी रोम लुटलं ते सन ४१० मध्ये, म्हणजे सातशे वर्षं आधी. मग नाव कसं पडलं? इटलीतला चित्रकार आणि चरित्रकार वसारी याला ही बांधणी ओबडधोबड वाटायची. त्यानं १५५० च्या आपल्या ग्रंथात तिचं खापर गॉथांच्या माथी फोडलं. म्हणजे गॉथिक ही मुळात शिवी होती, रानटी लोकांचं काम अशा अर्थाची. आज मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर लोक मान वर करून उभे राहतात आणि गाइड मोठ्या अभिमानानं 'व्हिक्टोरियन गॉथिक' म्हणतो. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या आराखड्यावर १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत ही इमारत झाली, आणि २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. शिवीचं बिरुद झालं.

बरोकचंही तसंच. पोर्तुगीज भाषेत वेड्यावाकड्या मोत्याला बर्रोको म्हणतात, त्यावरून हा शब्द आला असं मानलं जातं. अतिसजावट, वळणं, डोळ्यांत भरणारा थाट, याला नाकं मुरडणाऱ्यांनी दिलेलं नाव. जुन्या गोव्यातलं १६०५ मध्ये पूर्ण झालेलं बॉम जीझस चर्च दाखवताना हाच शब्द वापरतात. रेनेसान्स मात्र कौतुकाचं नाव आहे. फ्रेंचमध्ये अर्थ पुनर्जन्म, आपल्या इतिहासाच्या पुस्तकात प्रबोधनकाळ. ते शिवीच्या रांगेत बसत नाही, कारण ते ज्यांना स्वतःविषयी अभिमान होता त्यांच्याच बाजूनं आलं.

आता सारासेन. रोमन आणि ग्रीक लेखक अरबस्तानच्या वाळवंटाकडच्या टोळ्यांना हे नाव देत. पुढं क्रुसेडच्या काळात युरोपात सगळ्याच मुसलमानांना सारासेन म्हणू लागले. स्पेनमधला कारागीर असो, सीरियातला हकीम असो की इजिप्तमधला सुलतान, सगळे सारासेन. एकाही मुसलमानानं स्वतःला कधी हे नाव लावलं नाही. आपल्या अरबी, फारसी, उर्दूच्या घरातला हा शब्दच नव्हे. मुलीला तो ओळखू आला नाही यात नवल नाही.

गंमत अशी की लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रल बांधणारा क्रिस्टोफर रेन म्हणत असे, ज्याला आपण गॉथिक म्हणतो त्याला खरं तर सारासेन शैली म्हणायला हवं. त्याच्या मते टोकदार कमानीची रीत क्रुसेडहून परतलेल्या लोकांनी पूर्वेकडून आणली. रेन १७२३ मध्ये वारला आणि त्याचं हे म्हणणं १७५० मध्ये छापून आलं.

इथं मी मुलांना थांबवते. कारण हा मजकूर मोबाइलवर फिरायला लागला की त्याचं 'युरोपची सगळी चर्च आपणच बांधली' असं होतं, आणि दुसऱ्या गटात तेवढ्याच जोमात 'यांनी काहीच बांधलं नाही, सगळं तोडलंच' हे फिरत असतं. रेनचं म्हणणं अर्धं खरं आहे. कैरोतल्या इब्न तुलून मस्जिदीत टोकदार कमानींच्या रांगाच्या रांगा आहेत आणि ती नवव्या शतकातली आहे, सेंट डेनिसच्या अडीचशेहून अधिक वर्षं आधीची. पण टोकदार कमान, दगडी फासळ्या आणि बाहेरचे टेकू एकत्र आणून भिंतीचा भार कमी करायचा, तिथं काच बसवायची, ही अक्कल फ्रान्सच्या गवंड्यांची. ज्याचं त्याला द्यावं. मुलांना निदान एवढा न्याय शिकवला तरी इतिहासाचा तास वाया गेला नाही असं मी समजते.

पेंडेंटिव्हसाठी तर आपल्याला युरोपात जायचीही गरज नाही. घरातला चौकोनी डबा घ्या आणि त्यावर गोल परात ठेवा. चार कोपरे उघडे राहतात. चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवताना गवंड्यापुढं हाच पेच असतो. त्या कोपऱ्यांतून घुमटाकडं वर चढत जाणारा वळणदार त्रिकोणी भाग म्हणजे पेंडेंटिव्ह. इस्तंबूलच्या आया सोफियात, सन ५३७ मध्ये, तो फार मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. विजापूरच्या कारागिरांनी गोल घुमटात निराळी युक्ती केली. खोलीच्या चार बाजूंवरून आठ कमानी अशा उभ्या केल्या की त्या एकमेकींना छेदत जातात. कागदावर एक चौकोन काढा, त्यावरच दुसरा चौकोन तिरपा ठेवा. जी आठ टोकांची चांदणी दिसते तोच हा आराखडा. चांदणीच्या मधल्या जागेवर घुमट बसला. बाहेरून त्याचा व्यास सुमारे ४४ मीटर. तळाशी कमळाच्या पाकळ्या आहेत, त्याही बघा. मुहम्मद आदिलशाह १६५६ मध्ये वारला, त्याची कबर इथंच आहे. सोलापूरहून गाडीनं शंभरेक किलोमीटर. आमच्याकडची कुटुंबं तिथं जातात, वरच्या सज्जात टाळ्या वाजवतात, सात प्रतिध्वनी मोजतात आणि कमानींकडं न बघता खाली येतात!

या इमारतीचं मोल युरोपला कळलं त्यात आमच्या शेजारच्या नळदुर्गचाही धागा आहे. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या मुलखात नळदुर्गही होतं. तिथं फिलिप मेडोज टेलर हा अधिकारी म्हणून आला आणि १८५७ पर्यंत राहिला. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल या किल्ल्यात आहे. पावसाळ्यात पाणी सज्ज्यापुढून कोसळतं आणि आत उभा माणूस कोरडा राहतो. आमच्या शाळेच्या सहली तिथंच जातात. पुढं १८६६ मध्ये विजापूरच्या वास्तूंवर एक मोठा सचित्र ग्रंथ इंग्रजीत निघाला. त्यातला इतिहास याच टेलरनं लिहिला आणि वास्तुकलेचा भाग जेम्स फर्ग्युसननं. फर्ग्युसन विजापूरवर मनापासून खूश होता. त्यानं हिशेब मांडला की गोल घुमटाची आतली जागा १८,२२५ चौरस फूट भरते आणि रोमच्या पँथिऑनची १५,८३३. रोमशी तुलना करून त्यानं विजापूरला वर ठेवलं.

पण याच फर्ग्युसननं भारतातल्या इमारतींची वाटणी धर्मावरून केली. बौद्ध, जैन, हिंदू आणि मग इंडियन सारासेनिक. इंग्लंडमधल्या इमारतींना राजघराण्याचं नाव, राणीचं नाव, शतकाचं नाव. त्यांना कुणी 'ख्रिश्चन शैली' म्हणून एका पोत्यात भरलं नाही. आपल्याकडं मात्र गुजरातची मस्जिद, दख्खनचा घुमट आणि दिल्लीचा मिनार सगळे एकाच पोत्यात, आणि पोत्यावर वाळवंटातल्या टोळीची चिठ्ठी. त्यातूनच 'हे बाहेरचं' असं म्हणायला सोपं झालं. गोल घुमटाचा काळा दगड दख्खनचाच आहे. त्याला आदिलशाही म्हणा, दख्खनी म्हणा, कुणाला कमीपणा येत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज वास्तुविशारदांनी मुंबईत सरकारी इमारतींसाठी हेच घुमट आणि कमानी उचलल्या, त्या शैलीचं नाव इंडो-सारासेनिक. जॉन बेगनं आराखडा केलेलं मुंबईचं जनरल पोस्ट ऑफिस १९१३ मध्ये पूर्ण झालं. त्याचा मोठा घुमट विजापूरच्या गोल घुमटावर बेतलेला आहे. काळा बेसाल्ट, कुर्ल्याचा पिवळा दगड आणि ध्रांगध्र्याचा पांढरा. जॉर्ज विटेटनं संग्रहालयाच्या घुमटासाठी पुन्हा विजापूरकडंच पाहिलं, आणि १९२४ मध्ये खुल्या झालेल्या गेटवे ऑफ इंडियासाठी गुजरातकडं. माझ्या मुलीला मी सांगितलं, परीक्षेत 'इंडो-सारासेनिक' असंच लिही, गुण त्यालाच आहेत. पण आर्किटेक्ट झालीस आणि कधी पुस्तक लिहिलंस तर तिथं विजापूरचं नाव आधी लिही.

यादीत राहिला अरबेस्क, म्हणजे अरबी धाटणीची वेलबुट्टी. वेल, पानं, वळणं, ज्याला शेवट दिसत नाही असं नक्षीकाम. नाव सरळ आहे, तक्रार नाही. आणखी एक शब्द तिच्या यादीत नव्हता तो मी घातला: अल्कोव्ह. भिंतीतल्या खोलगट जागेला हल्ली फ्लॅट सजवणारे असं म्हणतात. हा अरबीतला अल-कुब्बा, म्हणजे घुमट, स्पेनमधून फ्रान्समध्ये गेला आणि इंग्रजी होऊन आपल्याकडं परत आला.

आणि गालिचे. पंधराव्या-सोळाव्या शतकात तुर्कस्तानातले गालिचे युरोपच्या श्रीमंतांच्या घरी इतके मौल्यवान होते की ते जमिनीवर न अंथरता टेबलावर पसरत. हान्स होल्बाइनच्या १५३३ च्या 'राजदूत' या चित्रात दोन माणसांच्या मागं असाच गालिचा दिसतो. इटलीच्या चित्रकारांनी तर हजरत मरियमच्या चित्रात डोक्यामागच्या तेजोवलयावर अरबीसारखी दिसणारी अक्षरं काढली. उर्दू येणाऱ्याला ती वाचायचा मोह होतो, पण वाचता येत नाहीत, कारण ती अक्षरं नाहीतच, नुसती नक्कल आहे. त्यालाही संज्ञा आहे, स्यूडो-कुफिक, म्हणजे खोटं कुफी. पण गालिच्यांची संज्ञा मला जास्त लागते. त्या नक्षीच्या गालिच्यांना कलेच्या इतिहासात आजही होल्बाइन गालिचे म्हणतात, दुसऱ्या एका नक्षीला लोरेन्झो लोट्टो या चित्रकारावरून लोट्टो गालिचे. दोघांनी ते रंगवले. विणले अनातोलियातल्या हातांनी, गाठ गाठ मारून, आणि त्या हातांपैकी एकाचंही नाव संग्रहालयाच्या पाटीवर नाही.