चुंबकी चार्जर घेतांना

नवीन पनवेलच्या दुकानांतून हल्लीं फोनच्या पाठीस चिकटून बसणारे वाटोळे बिनतारी चार्जर दिसूं लागले आहेत, आणि घरांतील तरुण मंडळींचा त्यांजविषयीं आग्रहहि पडतो. वस्तु सोयीची आहे यांत शंका नाहीं. परंतु तिच्यांत दोन निरनिराळीं कार्यें एकत्र झालेलीं असल्यामुळें गिऱ्हाइकाची गल्लत होते, म्हणून या महिन्यांत तिच्याविषयीं लिहीत आहों.

चुंबकाचें काम केवळ धरून ठेवण्याचें. वीज पोंचते ती तारेच्या वेटोळ्यांमुळें. चार्जरमधील वेटोळ्यांतून दिशा पालटणारा प्रवाह सोडला म्हणजे फोनमधील वेटोळ्यांतहि प्रवाह उत्पन्न होतो. मायकेल फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलेला नियम तो हाच. दोन्हीं वेटोळीं नीट समोरासमोर नसतील तर वीज वायां जाऊन फोन तापतो. तो जागचा हलूं नये एवढ्यासाठींच चुंबकाची योजना. कालिदासानें कुमारसंभवाच्या दुसऱ्या सर्गांत अयस्कान्ताची उपमा दिली आहे, तेथेंहि त्याचा गुण आकर्षण हाच; शक्ति पुरविण्याचें काम कवीनेंहि त्याजकडे सोंपविलेलें नाहीं! ज्या फोनांत मुळीं वेटोळेंच नाहीं, त्याच्या पाठीवर धातूचें कडें डकविलें तर तो चार्जरला घट्ट बसेल खरा, पण रात्रभर ठेविला तरी रिकामाच राहील.

तेव्हां प्रथम फोनची चौकशी करावी. २०२० सालच्या आयफोन १२ पासून बहुतेक आयफोनांत हे चुंबक असतात. इतर पुष्कळ फोनांत वेटोळें असतें पण चुंबक नसतो, त्यांस चुंबकी कव्हर घ्यावें लागतें. खोक्यावर नुसतें ‘मॅग्नेटिक’ लिहिलेलें पुरेसें समजूं नये. ‘ची २’ ही २०२३ सालीं आलेल्या मानकाची खूण पाहावी. तिचा चार्जर १५ वॉटपर्यंत वीज देतो, आणि २०२५ सालच्या सुधारलेल्या प्रकारांत २५ वॉटपर्यंत. खूण नसलेल्या चार्जरवर आयफोन बहुधा ७.५ वॉटच घेतो. शिवाय भिंतींत खोंचावयाचा ॲडॅप्टर खोक्यांत पुष्कळदां नसतो. १५ वॉटसाठीं तो निदान २० वॉटचा असावा, आणि त्यावरील भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणीक्रमांक खरा कीं खोटा हें ‘बीआयएस केअर’ ॲपवर ताडून पाहतां येतें. पहांटेची लोकल गांठून मुंबईस जाणाऱ्यांनीं मात्र घाईच्या वेळीं तारच वापरावी. ती अधिक जलद, आणि विजेचा अपव्ययहि कमी.

आतां किंमतीहून महत्त्वाची गोष्ट. घरांत कोणा वडील माणसाच्या छातींत पेसमेकर बसविलेला असेल, तर चुंबकाचा प्रश्न निराळाच होतो. तीव्र चुंबक जवळ आल्यास त्या यंत्राच्या कार्यांत व्यत्यय येऊं शकतो. असा फोन व त्याचा चार्जर यंत्रापासून १५ सेंटिमीटरांहून दूर, आणि बिनतारी चार्जिंग चालू असतां ३० सेंटिमीटरांहून दूर ठेवावा, अशी खुद्द ॲपल कंपनीची सूचना आहे. आपल्याकडे फोन ठेवण्याची जागा म्हणजे सदऱ्याचा वरचा खिसा किंवा उशाखालची पोकळी, आणि नातवंडें तर आजोबांच्या कुशींतच फोन घेऊन निजतात. खरेदीपूर्वीं हृदयरोगाच्या डॉक्टरांस विचारावें. चार्जर घेतलाच तर तो बाहेरच्या खोलींतील मेजावर असूं द्यावा, आणि आजोबांचा फोन तारेनेंच चार्ज करावा.