शरीर नावाचं यंत्र : घास अडतो तेव्हा

मुलांनो, एक सांगा पाहू. शीर्षासन करून पाणी प्यायलं तर ते पोटात जाईल की नाही? (करून बघू नका हं, ठसका लागेल!) उत्तर आहे, जाईल. कारण विहिरीत दगड पडावा तसा घास पोटात पडत नाही, तो ढकलला जातो. घशापासून जठरापर्यंत अन्ननलिका असते. मोठ्या माणसात ती साधारण २५ सेंटिमीटर लांब. टूथपेस्टची ट्यूब दाबत आणावी तशी ही नळी वरून खाली आवळत येते आणि ८-१० सेकंदांत घास तळाशी पोहोचतो. तिथं स्नायूंचं एक गोल कडं असतं. हा आपला दारवान! घास आला की दार उघडायचं, आत गेला की बंद. म्हणजे जठरातलं आम्ल वर येत नाही.

आता समजा, दार उघडण्याचा निरोपच दारवानाला मिळाला नाही तर? अन्ननलिकेच्या भिंतीत बारीक मज्जापेशी असतात. हा निरोप त्या देतात. काही माणसांत या पेशी नष्ट होतात. मग दार नीट उघडत नाही आणि नळीचं ढकलणंही थांबतं. या आजाराला 'अकॅलेशिया' म्हणतात. म्हणजे सैल न होणं. वर्षाकाठी साधारण लाखात एकाला तो होतो, मुलांमध्ये तर त्याहून कमी. पेशी का मरतात, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही.

पण ज्याला होतो त्याचे हाल विचारू नका! पोळी अडते, पाणीसुद्धा अडतं. रात्री आडवं झालं की न पचलेलं अन्न उशीवर येतं, खोकला सुटतो. वजन घटत जातं. आणि घरचे म्हणतात, "जेवायची नाटकं पुरेत!" कधी आम्लपित्ताच्या गोळ्या चालू राहतात, कधी दमा समजून औषध दिलं जातं. खरा आजार सापडेपर्यंत कित्येकदा वर्षं जातात.

मग तो ओळखायचा कसा? डॉक्टर आधी दुर्बिणीतून आत दुसरा काही अडथळा नाही ना, ते पाहतात. मग रोग्याला बेरियमचं पांढरं पाणी पाजून एक्स-रे काढतात. वर फुगलेली नळी खाली एकदम निमुळती दिसते, थेट पक्ष्याच्या चोचीसारखी! सगळ्यात खात्रीची तपासणी म्हणजे मॅनोमेट्री. नाकातून एक बारीक नळी आत सरकवतात आणि घोट घोट पाणी प्यायला देतात. कुठं किती दाब पडतो, दार उघडतं की नाही, सारं यंत्रावर उमटतं.

इंग्लंडच्या थॉमस विलिस या डॉक्टरांनी १६७४ मध्ये अशा एका रोग्याची हकिकत लिहिली. त्यांनी देवमाशाच्या हाडाची काडी घेऊन तिच्या टोकाला स्पंज बांधला. रोगी जेवायचा आणि त्या काडीनं अन्न खाली ढकलायचा, तेही पंधराएक वर्षं! १९१३ मध्ये जर्मनीच्या अर्न्स्ट हेलर यांनी ते आवळलेलं कडं कापून सैल करण्याची शस्त्रक्रिया केली. २००८ मध्ये जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी हेच काम तोंडातून दुर्बीण घालून, पोटावर टाका न घालता करून दाखवलं. काहींना फुगा फुगवून दार रुंद करून देतात. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण दार सैल झालं की माणूस पुन्हा चवीनं जेवू शकतो.

आई-बाबांनो, एखादा घास अडला म्हणून घाबरू नका. पण मूल वारंवार "अडकतंय" म्हणत असेल, दर घासाला पाणी मागत असेल, वजन उतरत असेल, तर रागवू नका, डॉक्टरांकडे न्या. आणि दोस्तांनो, डब्याच्या सुट्टीत कुणी हळू हळू जेवत असेल तर त्याला चिडवू नका. विचारा, "काय रे, दुखतंय का?" आणि घरी सांगायला लावा.

पुढच्या आठवड्यात बघू, उचकी का लागते ते. तोवर सावकाश चावून जेवा!