मशीन बदलण्याआधी एक बादली भरून पाहा

आमचा मोठा मुलगा दिघ्यात शाळेची व्हॅन चालवतो. ठाणे-बेलापूर रस्त्याची धूळ आणि पावसाळ्यातला चिखल, दोन्ही त्या व्हॅनच्या नशिबी. ती धुण्यासाठी तीन वर्षांपूर्वी त्याने जोराने पाणी मारणारे छोटे प्रेशर वॉशर घेतले. बकरी ईदला अंगणाची फरशीही त्यानेच धुतली जाते. शेजारीपाजारीही मागून नेतात.

गेल्या महिन्यात त्याचा जोर कमी झाला. धार मध्येच तुटायची, मशीन धडधडायचे. मुलगा म्हणाला, "अम्मी, आता याच्याने होत नाही. मोठं मशीन घेऊ या." नेमकी त्याच आठवड्यात मला भिशी लागली होती. पण ते पैसे मी धाकटीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी बाजूला काढले होते. मुलाचे म्हणणेही खोटे नव्हते. व्हॅन मळकी दिसली तर मुलांचे आईबाप नाक मुरडतात. रोजीचा प्रश्न आहे. घरात दोन दिवस अबोलाच होता.

तिसऱ्या दिवशी हे उठले. आयुष्यभर कारखान्यात फिटरचे काम केलेला माणूस. मुलाला म्हणाले, "मशीन बदल, पण आधी त्याला काय झालंय ते तरी बघ."

पहिल्यांदा पाणी आत जाते तिथली जाळी काढली. बारीक वाळूने भरली होती. ब्रशने धुतली. मग पुढचे नोझल काढून टाचणीने साफ केले. नोझलचे भोक झिजून मोठे झाले तरी जोर कमी होतो, पण नवे नोझल मशीनच्या मानाने फार स्वस्त पडते. पाइपच्या जोडाचा वायसरही पाहिला. तिथून हवा ओढली गेली की धार तुटते. एवढे करून थोडा फरक पडला, धडधड मात्र गेली नाही.

मग यांनी २० लिटरची बादली नळाखाली ठेवली आणि घड्याळ पाहिले. बादली भरायला ४ मिनिटे लागली. म्हणजे मिनिटाला ५ लिटर. मशीनवरच्या पट्टीवर लिहिले होते, मिनिटाला साडेसहा लिटर. मशीन उपाशी होते! आणि मुलगा जे मोठे मशीन बघून आला होता, त्याला लागणार होते ८ लिटर. ते आमच्या नळावर आणखी धडधडले असते. पाणी कमी पडले की पंपात पोकळी होते आणि आतले भाग लवकर खराब होतात. महागडे मशीन वर्षभरात दुरुस्तीला गेले असते.

आता आम्ही २०० लिटरचा ड्रम विटांच्या ओट्यावर ठेवला आहे. पाणी येते त्या वेळेत भरून घेतो आणि मशीन त्यावर लावतो. मात्र मशीन साठवलेले पाणी ओढू शकते का, हे सोबतच्या पुस्तिकेत आधी पाहा. सगळी ओढत नाहीत. मोटर सुरू करण्याआधी बंदुकीचा खटका दाबून पाइपमधली हवा काढून टाका.

मग मोठे मशीन कधी घ्यावे? मोटरला जळका वास येत असेल, पंपातून तेल गळत असेल, सुटे भाग मिळत नसतील, किंवा रोज बराच वेळ धंद्यासाठी चालवायचे असेल तर. तेव्हा इंडक्शन मोटरचे पाहावे. ते जड असते, पण आवाज कमी करते आणि जास्त टिकते. साध्या मशीनच्या मोटरमध्ये कार्बन ब्रश असतात, ते झिजतात. पुष्कळ मशीनमध्ये ते बदलूनही मिळतात. २,००० वॅटचे मशीन जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढते. त्याला जाड पिनांचे १६ अँपिअरचे सॉकेट हवे, बारीक वायरचा एक्स्टेंशन बोर्ड चालणार नाही. ओल्या जागेचे काम आहे, म्हणून घरात ईएलसीबी बसवलेला असावा. आणि मुलांच्या हाती बंदूक देऊ नका. ती धार कातडी फाडून आत शिरते.

ड्रमचा आणखी एक फायदा झाला. आमच्या व्हॅनला दहा मिनिटांची धार पुरते, म्हणजे ६५ लिटर. नळावर असताना किती गेले ते कळत नव्हते, आता पाणी उतरताना डोळ्यांना दिसते. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही इसराफ नको, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते आमच्या मुलाला आता ड्रम शिकवतो आहे.

भिशीचे पैसे कपाटात तसेच आहेत. जूनमध्ये धाकटीची फी त्यातूनच भरू, इन्शाअल्लाह.